कडी कोणी लावली

बसवनगुडी, बंगळूर
१२ फेब्रुवारी १९५६

चि. अहल्या, आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं, कारण जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं.

येत्या बावीस एप्रिलला मला सत्तर पुरी होतात. जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला आहे. पुढाकार बिंदुमाधव वकिलाचा. मी नको म्हटलं तर म्हणाला, "सर, तीस वर्षं तुम्ही आम्हाला नीतिशास्त्र शिकवलंत. एकदा शेवटचं 'स्वतःला ओळखणं' यावर बोला. पुन्हा त्रास देणार नाही." मी हो म्हणून बसलो.

आता या विषयावर बोलायचं तर खरं बोललं पाहिजे. इथं लोक मला भला माणूस समजतात. कोणाच्या घरी कोणी शेवटच्या दुखण्यात असलं की मला बोलावणं येतं, आणि मी जाऊन उशाशी बसतो. का बसतो ते कोणाला ठाऊक नाही. सत्यवतीलासुद्धा मी लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं होतं.

तुला किती आठवतं मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहितो. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात पेठेत प्लेग आला तेव्हा मी बारा वर्षांचा, तू नऊ. आई तुझ्या बाळंतपणातच गेलेली. आपल्याला वाढवलं ते अप्पांच्या विधवा बहिणीनं, कृष्णात्यानं. तिच्या काखेत गाठ आली. तपासणीची माणसं घरोघर फिरत होती. एक आजारी सापडला की सगळं घर छावणीत नेत. अप्पांनी ठरवलं, आपण तिघांनी उजाडताना गाडी जोडून लालबागेपलीकडच्या शेतात जायचं आणि आत्याला घरी ठेवायचं. घर रिकामं दिसावं आणि तापाच्या भरात तिनं रस्त्यावर येऊ नये, म्हणून बाहेरून कडी. "नरसू, कडी लाव," अप्पा म्हणाले. मी लावली. आतून ती म्हणाली, "नरसू, कडी लावतोस काय रे?"

बाराव्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या लोकांनी दार उघडलं.

अठ्ठावन्न वर्षं मी ते वाक्य ऐकतो आहे. रोज नाही. पण कुठं दार लागलं की ऐकू येतंच. आमच्या घरात कोणत्याच दाराला कडी लावत नाहीत, हे तू पाहिलं आहेस. एकदा चोर येऊन तांब्याचा बंब घेऊन गेला, तरी लावली नाही. श्रीकांत म्हणतो, आमचे वडील म्हणजे संत. बापाबद्दल पोरानं असं म्हटलं की मला जेवण जात नाही.

हे सगळं मी सभेत सांगणार आहे. तुला एकच विचारायचं आहे. तू गाडीपाशी उभी होतीस. तिचा आवाज तुला ऐकू आला होता का?

नरसिंह


धारवाड
२१ फेब्रुवारी १९५६

ती. अण्णा, नमस्कार.

पत्र मिळालं. सूनबाई विचारत होती, मामांनी एवढं लांबलचक काय लिहिलंय? सत्काराचं आहे म्हटलं, आणि पत्र तांदळाच्या डब्यात घालून ठेवलं.

तू हे सभेत सांगू नकोस. अप्पांना जाऊन चाळीस वर्षं झाली, त्यांचं नाव कशाला निघायला हवं? श्रीकांतच्या कारखान्यात चर्चा होईल. आणि सत्काराला येणारी माणसं चार चांगले शब्द ऐकायला येतात, त्यांना असलं ऐकवून काय मिळणार? त्या साली काय आपल्याच घरी झालं होतं का? त्याच पेठेत पन्नास घरांत असं काहीतरी झालं असेल. ती माणसं गप्प राहिली, त्यांनी मुलांची लग्नं केली, नातवंडं खेळवली. ती सगळी वाईट होती का? तुझ्या पुस्तकांत काय लिहिलंय मला ठाऊक नाही, पण मला वाटतं माणसानं स्वतःला स्वल्प कमीच ओळखावं. बेताचं. आरशात तरी आपण कुठं दिवसभर बघत बसतो?

आवाजाचं विचारलंस. मला आठवत नाही. मी लहान होते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होता एवढं आठवतं.

माझं येणं जमायचं नाही, गुडघे धरलेत. तीळ-गुळाचे, चिगळीचे लाडू करून पाठवते. तू गूळ कमी खा म्हणतात डॉक्टर, पण एखादा खा.

अहल्या


बसवनगुडी, बंगळूर
१ मार्च १९५६

चि. अहल्या, आशीर्वाद.

लाडू पोचले. दोन खाल्ले.

अप्पांचं नाव मी घेणार नाही, याची खात्री बाळग. मी फक्त माझ्या हाताबद्दल बोलणार आहे. तुला लाज वाटते आहे हे पत्रावरून कळलं आणि त्याचं वाईट वाटलं. पण तुझी गोष्ट वेगळी आहे. तुझ्या हातून काही झालं नाही, म्हणून तू मोकळेपणानं हसू शकलीस. सत्यवती म्हणायची, वन्सं आल्या की भिंतीसुद्धा हसतात. मला त्याचा हेवा कधी वाटला नाही. उलट आधार वाटायचा, की आपल्या दोघांपैकी एकजण तरी त्या घरातून सुटला.

माणसानं स्वतःला बेतानं ओळखावं म्हणतेस. मी वर्गात याच्या उलट शिकवत आलो. मी मुलांना सांगायचो, जी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी कबूल कराल तिथून तुमची ओळख सुरू होते. मुलं वहीत उतरून घ्यायची. शिकवणाऱ्यानं स्वतः ती गोष्ट कधी कबूल केली नाही, हे त्यांना कसं कळणार? मरण्यापूर्वी एकदा तरी मी जसा आहे तसा चार लोकांसमोर उभं राहावं असं वाटतं. मग ते नमस्कार करोत किंवा उठून जावोत.

भाषण लिहून झालं आहे. पहिलं वाक्य असं: "बारा वर्षांचा असताना मी एका आजारी बाईला घरात कोंडून मारलं."

बिंदुमाधवाला अजून दाखवलेलं नाही.

नरसिंह


धारवाड
१० मार्च १९५६

ती. अण्णा,

ते वाक्य बोलू नकोस. ते खोटं आहे. कडी मी लावली.

चार दिवस झाले, कागद घेते आणि ठेवते. आता एका बैठकीत लिहून टाकते, मग पोस्टात टाकायला स्वतः जाणार आहे.

अप्पांनी तुला सांगितलं हे खरं. तू दारापाशी गेलास, कडीला हात लावलास. आत्या आतून काहीतरी बोलली, आणि तू तिथंच ओट्यावर बसून ओकलास. अप्पा ओरडले. तू उठेनास. दोन्ही हातांनी खांब धरून बसला होतास. शेवटी अप्पांनी तुला उचलून गाडीत टाकलं आणि मला म्हणाले, "अहल्या, तू लाव जा." मी गेले आणि लावली. रडले नाही. खरं सांगू? मला भीती वाटत होती की ती उठून आपल्या मागून येईल आणि आपण सगळे मरू. मला ती आत हवी होती.

शेतातल्या झोपडीत तुला आठ दिवस ताप होता. अप्पांना वाटलं तुलाही तेच झालं. तापात तू बडबडायचास, "मी लावली, मी कडी लावली." अप्पा नुसते ऐकत बसायचे. मी पण ऐकायचे. एकदा मी म्हणाले, "अप्पा, त्यानं नाही लावली." अप्पा म्हणाले, "गप्प बस. त्याला आराम पडू दे." तुला आराम पडला आणि मी गप्पच राहिले. आधी अप्पांच्या धाकानं. मग सवय झाली. पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि मी जेव्हा जेव्हा बंगळूरला आले तेव्हा तुझ्या घरातली ती उघडी दारं बघितली. कळत होतं रे मला. कळत असूनही मी तुझ्या ओसरीवर बसून पानं लावली आणि गोष्टी सांगून सगळ्यांना हसवलं.

आता तू माझी गोष्ट तुझ्या नावावर सभेत सांगणार. तेवढं मात्र मला बघवणार नाही.

अहल्या


(पोस्टकार्ड)
बंगळूर, १५ मार्च १९५६

चि. अहल्या, पत्र पोचलं. तू हे माझ्यावरच्या मायेनं लिहिलंस हे उघड आहे. कडी चौकटीच्या वरच्या अंगाला होती. नऊ वर्षांच्या मुलीचा हात तिथं पोचत नाही. या विषयावर पुन्हा लिहू नये. नरसिंह


धारवाड
२० मार्च १९५६

ती. अण्णा,

असलं कार्डावर लिहितात का? पोस्टमननं वाचून दिलं असणार.

मायेनं लिहिलं म्हणतोस. तुला सोडवायचंच असतं तर मी पन्नास वर्षांपूर्वी सोडवलं असतं. एवढी चांगली मी नाही, अण्णा. तूच मला तशी समजत आलास.

तू तर्क मांडलास, तर आता माझा ऐक. त्या वर्षीच्या पावसानं चौकट फुगली होती. वरची कडी कोयंड्यात बसतच नव्हती. म्हणून गौरीच्या आधी अप्पांनी सुतार बोलावून उंबऱ्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरी, लहान कडी बसवून घेतली होती. खाली वाकून लावायची. मी ती वाकून लावली. तू वरच्या कडीला हात लावलास तेवढाच तुझ्या लक्षात राहिला.

घर अजून आहे म्हणतात. सुपारीच्या व्यापाऱ्याकडे आहे. तुझ्यापासून फार तर दोन मैल. जाऊन दार बघ, आणि मग मला खोटं म्हण.

अहल्या


बसवनगुडी, बंगळूर
१६ सप्टेंबर १९५६

चि. अहल्या,

सहा महिने तुला पत्र नाही. मुद्दाम लिहिलं नाही. आशीर्वाद लिहिताना हात अडत होता, ते खोटं कशाला लिहू म्हणून लिहिलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी पेठेत गेलो. लग्नानंतर त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. व्यापारी सज्जन आहे, बसायला पोतं दिलं, कॉफी मागवली. मी म्हटलं, "तुमचं दार बघायला आलोय." त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. म्हणाला, "सरी स्वामी, बघा की." दार तेच आहे. वरची कडी गंजून एका जागी घट्ट बसली आहे. मी गुडघे टेकून खाली पाहिलं. उंबऱ्यापासून वीतभर वर चौकटीत एक भोक आहे, लाखेनं बुजवलेलं. फळीवर कडी घासून पडलेला अर्धगोल चरा आहे. बोट फिरवलं तर लागतो.

घरी आलो आणि बिंदुमाधवाला निरोप पाठवला, सत्कार रद्द. तो धावत आला. "सर, तब्येत?" मी म्हटलं, "तब्येत ठीक आहे. विषय चुकला." बिचारा काही न समजता गेला.

तुला वाटलं असेल मी सुटलो. मी सुटलो नाही, मी रिकामा झालो. ज्या एका गोष्टीवरून मी स्वतःला ओळखत होतो ती माझी नव्हतीच. माझं कमी बोलणं, कधी मोकळं न हसणं, सत्यवतीला कधी नीट जवळ न करणं, श्रीकांतला कधी न मारणं आणि कधी न कुरवाळणं, हे सगळं मी त्या एका कडीच्या बदल्यात केलं. आणि तू हे जाणत होतीस. तू माझ्या ओसरीवर बसून पान चघळत होतीस. या सहा महिन्यांत मी तुला किती शिव्या दिल्या ते लिहीत नाही. मला एवढ्या शिव्या येतात हेही मला ठाऊक नव्हतं.

मग गेल्या महिन्यात भगवंतराव पडले. आमच्या तीन घरं पलीकडचे, निवृत्त पोस्टमास्तर. पोटात पाणी झालं होतं. त्यांची सून बोलवायला आली. "मामा, तुम्ही आलात की आजारी माणूस शांत होतो म्हणे." मी म्हटलं, "मला बरं नाही." जन्मात पहिल्यांदा मी कोणाला असं परत पाठवलं. तीन दिवस खिडकीत बसून त्यांचं दार बघत राहिलो. मनात येत होतं, मी कोणाचं काय देणं लागतो आता? मी कोणाला मारलेलं नाही. मी का जाऊ?

चौथ्या सकाळी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कारण शोधलं, सापडलं नाही.

अहल्या, भगवंतराव फार कटकटे निघाले. कांजी खारट म्हणायचे. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा म्हणायचे आणि मध्येच "पुरे" म्हणायचे. भिंतीवरच्या पालीला भ्यायचे आणि ते लपवायचे. त्यांच्या डाव्या भुवईत एकच पांढरा केस होता, लांब. मी हे सगळं पाहत होतो, आणि एका दुपारी लक्षात आलं की इतक्या वर्षांत, इतक्या खाटांपाशी बसून, मी एकाही आजाऱ्याला पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी कृष्णात्याच्या दाराबाहेर बसलेलो असायचो. ती माणसं माझा हात धरून गेली आणि मी तिथं नव्हतोच.

भगवंतराव रविवारी गेले, मी जेवायला घरी आलो होतो तेव्हा. कृष्णात्याचा तो आवाज आता येत नाही. घर फार शांत वाटतं.

रागातलं बरंचसं ओसरलं आहे. सगळं नाही.

नरसिंह


धारवाड
२७ सप्टेंबर १९५६

ती. अण्णा, नमस्कार.

तुझ्या शिव्या मला मान्य आहेत. पत्र आलं यातच सगळं आलं.

तुझ्याकडचा आवाज गेला म्हणतोस. तो इकडे आला आहे. मार्चपासून. सुनेला वाटतं सासूबाईंच्या कानात दोष झाला, कारण मी एकदम कामातून उठते आणि आतल्या खोलीत जाऊन बघून येते. भर दिवसा, तिथं कोणी नसतं. पण मला आत्याचा आवाज येत नाही. मला माझाच येतो.

कडी लावली हे तुला सांगितलं, पण त्यातही मी चोरी केली. कडी अप्पांनी लावायला सांगितली होती. लहान मुलीला बापानं सांगितलं, तिनं केलं. त्याचं मला कधी इतकं लागलंच नव्हतं. म्हणून तेवढं सांगता आलं. जे लागलं होतं ते मागंच ठेवलं. तू मुलांना काय शिकवायचास? सगळ्यात शेवटी कबूल करू ती गोष्ट. ती ही.

मी दारापाशी गेले तेव्हा तू सोडून दिलेलं दार अर्धं उघडं होतं. आत्या मधल्या खोलीत चटईवर होती. अप्पांनी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता, पण तिला शिवायच्या भीतीनं लांब, खांबापाशी ठेवून ते घाईनं बाहेर आले होते. तिचा हात पोचत नव्हता. मी दिसले तशी ती म्हणाली, "अहल्या? आलीस बाई. तेवढा तांब्या जवळ सरकव गं." तिला माहीत नव्हतं आपण निघालोय. आवाजात काही रडणं नव्हतं. रोज सांगायची तसंच सांगितलं.

फार तर पाच पावलं. कोणी मला जाऊ नको म्हणालं नव्हतं. अप्पांची पाठ होती, ते तुला गाडीत धरून बसले होते.

मी म्हणाले, "आले हं, आत्या."

आणि दार ओढून घेतलं.

बारा दिवसांनी दार उघडलं तेव्हा ती खांबापाशी सापडली असं अप्पा कोणाला तरी सांगत होते. म्हणजे ती सरपटत गेली होती. पोचली की नाही ते मी विचारलं नाही. आयुष्यभर मला आल्यागेल्याला आधी पाणी द्यायची घाई. सगळे म्हणायचे, अहल्याबाईंचं आतिथ्य बघा. मी हसायचे.

तू देणं नसताना देत राहिलास. माझं होतं, मी हसून काढलं. यातून माणसाबद्दल काय समजायचं ते तू मला सांग, तू शिकलेला. मला एवढंच कळतं की मी "आले" म्हटलं ते खोटं नव्हतं. म्हणताना मी जाणारच होते. तेवढ्या एका क्षणात माझं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

आता तुझ्यापासून काही लपवलेलं उरलं नाही. एक आहे. डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय. मुलांना माहीत आहे. गुडघ्यांचं निमित्त होतं.

अहल्या


बसवनगुडी, बंगळूर
५ ऑक्टोबर १९५६

चि. अहल्या, अनेक आशीर्वाद.

तू नऊ वर्षांची होतीस असं मी लिहिणार नाही. मी बारा वर्षांचा होतो असं मला कोणी म्हटलं असतं तर त्याचा मला काही उपयोग झाला नसता. क्षमाही करत नाही, कारण ती करायचा हक्क ज्या बाईला होता ती नाही. तीस वर्षं शिकवलेल्यातलं सगळं चाळून पाहिलं. तुझ्या प्रश्नाला लावायला एकही वाक्य मिळालं नाही. त्या एका क्षणात काय झालं ते तुला माहीत नाही म्हणतेस. मी ओट्यावर बसून खांब धरला तेव्हा मला काय झालं ते मलाही माहीत नाही. लोक त्याला चांगुलपणा म्हणतील. कदाचित मी फक्त तुझ्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. तुला पुढं पाठवणारी आणि मला बसवणारी भीती एकच असेल.

रविवारच्या गाडीनं निघतो. सोमवारी धारवाड. श्रीकांत सोबत येतो म्हणत होता, नको म्हटलं. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस. राहायचे दिवस ठरवलेले नाहीत. तुझ्या उशाशी बसायला येतोय असं समजू नकोस. भांडायला येतोय असंही धर, ते अजून थोडं शिल्लक आहे. तुला पुन्हा तो आवाज आला आणि तू उठून आतल्या खोलीकडे जायला लागलीस, तर मी बरोबर येईन. दोघं मिळून बघू.

आणखी एक. काल दिवसभर मी कृष्णात्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. येत नाही. नऊ वर्षं तिनं आपल्याला न्हाऊ घातलं, भरवलं, आणि आपण दोघांनी तिची फक्त एक सकाळ जपून ठेवली. ती कशाला हसायची? तिला कोणती भाजी आवडायची? रागावली की काय म्हणायची? या अठ्ठावन्न वर्षांत आपण हे एकमेकांना एकदाही विचारलं नाही. तिच्यावर याहून मोठा अन्याय कोणता असेल मला कळत नाही.

एवढंच आठवतं की सकाळी ती आपल्याला उठवताना काहीतरी म्हणायची, दोन ओळी होत्या, त्यात आपली नावं गुंफलेली होती. चाल थोडीशी आठवते, शब्द गेले. तुला येत असतील तर सोमवारपर्यंत मनात घोळवत राहा.

नरसू